गिअरची गाडी की ऑटोमॅटिक? सावेडीकरांसाठी खर्चाचा हिशेब

सावेडीतलं एखादं कुटुंब नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलं, की रंग आणि अॅव्हरेज विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ऑटोमॅटिकला किती जास्त पडतील? विक्रेता एक आकडा सांगतो आणि घरी त्या आकड्यावर दोन दिवस चर्चा चालते. हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात आहे. त्यापुढे कर, व्याज, पेट्रोल, क्लच, ऑइल आणि वॉरंटी संपल्यानंतरची दुरुस्ती असते. यातलं काय किती येणार, हे गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते यावर फार अवलंबून आहे. म्हणून हिशेब रस्त्यापासून सुरू करू.

सावेडीकराचा रोजचा रस्ता लहान पण अडवणुकीचा. भिस्तबाग चौक, पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड, प्रोफेसर कॉलनी चौक, पुढे पत्रकार चौकातून दिल्ली गेट आणि चितळे रोड. संध्याकाळी सातच्या सुमारास प्रेमदान चौकातून दिल्ली गेटला निघालात तर तीन-चार किलोमीटरांत गाडी पहिला, दुसरा, पुन्हा पहिला याच्या पुढे फारशी जातच नाही. सक्कर चौकातला उड्डाणपूल २०२२ मध्ये खुला झाला, त्याने बाहेरची वाहतूक बरीच वर गेली. पण गावातल्या पेठा होत्या तशाच आहेत. दुसरा रस्ता मोकळा: पुण्याला चौपदरी, आणि राहुरी-शिर्डीकडे मनमाड रोड, जिथे गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्यांना मागे टाकत जावं लागतं. तिसरा रस्ता घाटाचा. संभाजीनगरकडे इमामपूर घाट, पाथर्डीकडे करंजी घाट आणि कल्याणकडे आळेफाटा-ओतूरवरून माळशेज.

या तिन्ही रस्त्यांवर गिअरबॉक्स आपला स्वभाव दाखवतो. गावात पाय दुखतो की नाही, ओव्हरटेक करताना गाडी लगेच उचलते की विचार करत बसते, घाटात मागे सरकते की जागेवर धरते, यालाच आपण गाडी ‘चालवायला चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणतो.

कोणता बॉक्स कसा वागतो

साध्या गिअरच्या गाडीत निर्णय तुमचा असतो. ट्रॉलीच्या मागे चौथ्यात रखडलात, समोर मोकळं दिसलं, तिसरा टाकला की गाडी लगेच ओढते. हा हजरजबाबीपणा आजही स्वस्तातल्या कुठल्याही ऑटोमॅटिकला जमत नाही. शिवाय गाडी कुठेही बंद पडली, घोडेगावात किंवा टाकळी ढोकेश्वरला, तरी हा बॉक्स समजणारा मेकॅनिक मिळतो. मोल द्यावं लागतं ते डाव्या पायाचं.

एएमटी म्हणजे हाच साधा गिअरबॉक्स. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर एक यंत्रणा बसवलेली असते, पायाचं काम ती करते. भारतात मोटारीत हा प्रकार पहिल्यांदा आला तो मारुतीच्या सेलेरिओत, २०१४ च्या फेब्रुवारीत; आणि ऑटोमॅटिक ही श्रीमंतांची चीज उरली नाही ती तेव्हापासून. मारुती याला एजीएस म्हणते. टाटा, ह्युंदाई, निसान यांच्या छोट्या गाड्यांतही हाच आहे. अॅव्हरेजमध्ये तो मार खात नाही. २०२४ च्या स्विफ्टचा कंपनीचा आकडा साध्या गिअरला २४.८० आणि एजीएसला २५.७५ किलोमीटर आहे. खटकतं ते एकच. गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास घेते आणि आतल्यांची मान किंचित पुढे जाते. अॅक्सिलरेटर दाबून धरला तर हे जास्त जाणवतं. गिअर बदलायच्या क्षणी पाय किंचित हलका केला तर जवळपास नाहीसं होतं. हे शिकायला आठवडा लागतो आणि बरेच लोक शिकतच नाहीत, मग गाडीला नावं ठेवतात.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना आणि मुरलेला ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये ऑइलने भरलेलं भांडं असतं. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की दुसरा वाऱ्याने फिरतो, तशी इंजिनची ताकद ऑइलमधून पलीकडे जाते. सुटताना झिजायला घर्षणाचा क्लचच नाही, त्यामुळे गर्दीत गाडी ब्रेक सोडताच हळूच सरकते आणि चढावर उभी राहिली तरी घाबरवत नाही. ब्रेझा, अर्टिगा, एक्सयूव्ही ७००, डिझेल क्रेटा यांच्यात हा मिळतो. कुटुंब, सामान आणि घाट हे तिन्ही ज्यांच्या नशिबी आहे, त्यांना मी हाच सुचवतो.

सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात. दोन पुल्यांवरचा पट्टा सरकत राहतो, म्हणून झटका अजिबात नाही. होंडाची सिटी आणि अमेझ, टर्बो मॅग्नाइट, पेट्रोल क्रेटा (ह्युंदाई त्याला आयव्हीटी म्हणते) यांत हा असतो. गावात याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही. मात्र इमामपूर घाटात कांद्याच्या ट्रकला मागे टाकायला अॅक्सिलरेटर दाबलात, तर आधी इंजिनचा आवाज चढतो आणि वेग मागून येतो. ज्याला हे माहीत नाही तो दचकतो.

डीसीटीत दोन क्लच असतात. एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. पुढचा गिअर आधीच तयार असल्याने बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. पुणे रस्त्यावर या गाडीसारखा आनंद नाही. पण गर्दीत इंचाइंचाने सरकताना कोरड्या क्लचचा प्रकार तापतो. टाटाने २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिलेला डीसीटी (टाटा त्याला डीसीए म्हणते) ओल्या क्लचचा आहे, म्हणजे तो ऑइलमध्ये थंड राहतो. विकत घेताना कोरडा की ओला हे विचाराच.

ह्युंदाई-किआच्या काही गाड्यांत आयएमटी दिला गेला, गिअर हाताने पण क्लच पेडल नाही. सेकंडहँड गाडीत दिसला तर पाय दुखणाऱ्यांना तो मधला मार्ग आहे. विजेच्या गाडीत गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, तिथला हिशेब बॅटरीचा.

शोरूमचा आकडा आणि खरा आकडा

साध्या गिअरपेक्षा एएमटीला साधारण ४५ ते ६० हजार, सीव्हीटीला ८० हजार ते सव्वा लाख, टॉर्क कन्व्हर्टर आणि डीसीटीला एक ते दीड लाख जास्त मोजावे लागतात. हे एक्स-शोरूमचे आकडे. त्यावर रस्ता कर येतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांना १२ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३ आणि १४.

इथे एक खाच आहे आणि ती फार कमी लोक बघतात. समजा साधी गाडी ९ लाख ८० हजारांची आणि तीच एएमटीत १० लाख ४० हजारांची. फरक साठ हजार वाटतो. पण गाडीने दहा लाखांची रेषा ओलांडली, त्यामुळे कर १,०७,८०० वरून १,२४,८०० वर गेला, म्हणजे आणखी १७ हजार. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस कापला जातो, इथे १०,४००. तो आयकर विवरणात वळता होतो किंवा परत मिळतो, पण आज खिशातून जातोच, आणि विवरण न भरणाऱ्या निवृत्त माणसाचा तो तसाच राहून जातो. अशा वेळी एक पायरी खालचं मॉडेल ऑटोमॅटिकमध्ये घेणं पुष्कळदा शहाणपणाचं असतं. सनरूफ गेलं तरी चालेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. त्यामुळे त्याआधीच्या किमतींशी तुलना करू नका, ताजं कोटेशन घ्या.

आता व्याज. नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी लाखाला महिना सुमारे २,०७६ रुपये हप्ता पडतो. म्हणजे सव्वा लाखाच्या वरच्या फरकाला, समजा १ लाख ३० हजारांना, पाच वर्षांत सुमारे ३२ हजार व्याज.

पेट्रोलचं असं की टॉर्क कन्व्हर्टर गावात लिटरमागे एक-दीड किलोमीटर कमी देतो. साधी गाडी १५ आणि ही साडेतेरा देते असं धरा, वर्षाचं फिरणं १० हजार किलोमीटर. वर्षाला सुमारे ७४ लिटर जास्त, १०५ रुपयांनी ७,८०० रुपयांच्या आसपास. एएमटीला हा खर्च नाही.

गॅरेजमध्ये काय निघतं

क्लच झिजला हे गाडी आधी सांगते. सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट घसरते आहे. पेडल अगदी वर आल्यावर गाडी सुटणं, चढावर जळका वास येणं, ही त्याचीच भावंडं.

गिअरबॉक्स खाली उतरवला की जवळ उभे राहा आणि बघा. नव्या क्लच प्लेटवर रिव्हेटची डोकी अस्तरात खोल बुडालेली असतात. झिजलेल्या प्लेटवर ती अस्तराच्या पातळीला आलेली दिसतात, बोट फिरवलं तर कळतं. प्रेशर प्लेटच्या चकचकीत कड्यावर निळसर डाग असतील तर ती तापल्याची खूण. म्हणजे कोणीतरी हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवत होतं. प्लेट पातळ पण डाग नाहीत, तर ती सरळ वापराने झिजली आहे. दोन्हीत बिल सारखंच येतं, पण पहिल्या प्रकारात सवय बदलली नाही तर तेच बिल पुढच्या ३०-४० हजार किलोमीटरांत पुन्हा येईल. नीट चालवलेल्या गाडीचा क्लच ७०-८० हजार सहज जातो, हायवेच्या गाडीचा लाखही.

छोट्या गाडीला प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संच ४ ते ७ हजारांना, मजुरी २ ते ४ हजार. एकट्या प्लेटवर काम भागवतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बॉक्स उतरवण्याची मजुरी तीच राहते आणि सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागलं की ती दुसऱ्यांदा द्यावी लागते. बॉक्स खाली आहे तोवर इंजिनचं मागचं ऑइल सील आणि गिअर शाफ्टचं सील बघून घ्यायला सांगा. शे-दोनशेच्या सीलमधून गळालेलं ऑइल नवी प्लेट खराब करतं. जुने भाग डिकीत ठेवून मागा. डिझेलच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीला हाच खर्च १५ ते ३० हजारांवर जातो, आणि तिला दुहेरी वजनाचं फ्लायव्हील असेल आणि तेही गेलं असेल तर आणखी तितकेच.

एएमटीतही हाच क्लच आहे, तो झिजतोच. ‘ऑटोमॅटिकला क्लच नसतो’ असं समजून चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणारे लोक तो लवकर संपवतात. बदलल्यावर स्कॅनर लावून यंत्रणेला नवा क्लच ओळखायला शिकवावं लागतं, त्याचे पाचशे ते दीड हजार वेगळे. ते न करता गाडी हातात दिली तर ती झटके देते. खरा मोठा खर्च क्लच दाबणाऱ्या यंत्रणेचा, ती गेली तर ३० ते ६० हजार.

टॉर्क कन्व्हर्टरचं ऑइल सुमारे ६० हजार किलोमीटरला, ७ ते १५ हजार. सीव्हीटीचं ४० ते ६० हजारांना, ५ ते १० हजार. ‘आयुष्यभर ऑइल बदलावं लागत नाही’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडच्या धुळीत, उन्हात आणि गर्दीत ते बदललेलं बरं. ऑइल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच. सीव्हीटीत दुसरं ऑइल घातलं तर पट्टा घसरतो आणि गोष्ट लाखावर जाते. डीसीटीचे क्लच किंवा त्याचं नियंत्रण करणारा भाग वॉरंटीबाहेर गेला तर बिल लाखाच्या आसपास सुरू होतं. म्हणून डीसीटी घ्यायची तर वाढीव वॉरंटी घेऊनच घ्या, त्याचे १५ ते २५ हजार पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. क्लच हा झिजणारा भाग असल्याने सहसा कुठल्याच वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

महिन्याला किती?

सात वर्षं, वर्षाला दहा हजार किलोमीटर, बहुतेक गावातच. साध्या गाडीचे दोन क्लच धरले तर वीस हजार. एएमटीला तेवढेच दोन क्लच, पण किमतीतला फरक ५५ हजार, त्यावर कर सहा हजार, व्याज साडेतेरा हजार, शिकवण्याचे दोन हजार. साध्या गाडीपेक्षा एकूण ७६-७७ हजार जास्त, म्हणजे महिन्याला नऊशेच्या आसपास. टॉर्क कन्व्हर्टरला फरक १ लाख ३० हजार, कर १४ हजार, व्याज ३२ हजार, पेट्रोल ५४ हजार, ऑइल १२ हजार; वाचलेले क्लच वजा केले तर सुमारे २ लाख २२ हजार, महिन्याला २,६५० च्या घरात. विकताना ऑटोमॅटिकला थोडे जास्त येतात, तेवढे यातून कमी.

नऊशे रुपयांत रोज संध्याकाळी डावा पाय मोकळा राहत असेल, तर सावेडीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही मी ते द्यायला सांगेन. गुडघ्याच्या दुखण्यामुळे गाडी चालवणं सोडून दिलेले, दवाखान्यात जायलाही मुलाच्या सुट्टीची वाट बघणारे आई-वडील या भागात कमी नाहीत, कारण मुलं पुण्याला. त्यांना गाडी परत हातात येणं हा पैशांत न मोजता येणारा फायदा आहे. चारचाकीचं साधं लायसन्स असलं की ऑटोमॅटिकला ते चालतं, वेगळं काढावं लागत नाही. उलट ज्याचं निम्मं फिरणं खेड्यांत, शेतावर, कच्च्या रस्त्याने आहे, त्याने साधा गिअरच ठेवावा. सीएनजीवाल्यांनाही बराच काळ दुसरा मार्ग नव्हता. २०२४ मध्ये टाटाने टियागो आणि टिगोरला सीएनजीसह एएमटी दिला, तेव्हापासून तो आहे.

चाचणी कुठे घ्यायची

व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे आणि तिथल्या चाचणीपथांवर गाड्यांची कसून परीक्षा होते. ग्राहक मात्र मनमाड रोडवर सरळ दोन किलोमीटर जाऊन येतो आणि सही करतो. तसं करू नका. शोरूमला संध्याकाळची वेळ मागा, चार माणसं बसवा, एसी लावा आणि दिल्ली गेटपर्यंत जाऊन या. दुसऱ्या दिवशी इमामपूर घाट मागा. चढावर मध्येच थांबवा, ब्रेक सोडा आणि गाडी किती मागे सरकते ते बघा. एएमटी घेणार असाल तर चढावर धरून ठेवणारी सोय, जिला हिल होल्ड म्हणतात, त्या मॉडेलमध्ये आहे की नाही हे कागदावर बघा. खालच्या मॉडेलमध्ये ती नसलेलीही सापडते.

उतारावर तर सगळ्यांनाच शिकायचं आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ट्रकवाल्यांचा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टरला एम किंवा वजा-अधिकच्या खाचेत नेऊन दुसरा-तिसरा धरा, सीव्हीटीला एल किंवा एस. डी मध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर माळशेज उतरलात तर तळाशी येईपर्यंत ब्रेकचा वास येतो आणि पेडल नरम पडतं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर जिवावरचा खेळ. त्यात पेट्रोलही वाचत नाही, कारण गिअरमध्ये पाय सोडलेला असताना इंजेक्शनच्या इंजिनला पेट्रोल जवळजवळ बंदच असतं.

जुनी ऑटोमॅटिक घेताना सकाळी थंड गाडी चालू करायला सांगा, कारण आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. डी वरून आर वर टाका. सेकंदाच्या आत सौम्यपणे गिअर लागला पाहिजे. धक्का किंवा दोन-तीन सेकंदांचा उशीर असेल तर किंमत पाडण्यापेक्षा गाडी सोडून द्या. ऑइल बदलल्याची बिलं मागा. पार्किंगमध्ये गाडीखाली लालसर थेंब पडलेले दिसले तर ते बहुधा गिअरच्या ऑइलचे असतात.

आणि बुकिंगची पावती करण्याआधी शोरूमकडून तीन गोष्टी लेखी घ्या. या गाडीचं गिअर ऑइल किती किलोमीटरला आणि आजच्या भावाने किती रुपयांना बदललं जातं. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर काम इथे होतं की बॉक्स पुण्याला जातो, आणि तेवढे दिवस दुसरी गाडी मिळते का. रस्त्यात बंद पडली तर सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर नेण्याचा खर्च कोण देतं. कारण ऑटोमॅटिकची चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून दोराने ओढत नेली तर एरवी वाचणारा बॉक्सही जातो. विम्यात इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाची जोड घेतलीत तर दगड लागून ऑइल गळाल्याचं नुकसान बहुतेक पॉलिसींत भरून मिळतं, पण धोक्याचा दिवा लागल्यावरही गाडी तशीच पुढे चालवली असेल तर दावा नाकारतात. दिवा लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि आधी फोन करा.